सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा जोडावा

परवा औशात एका झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. शेजारी एक पोरगं कागदांची थप्पी स्कॅन करून घेत होतं. दहावीचं सर्टिफिकेट, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सगळं. दुकानदारानं विचारलं, "मागच्या फॉर्मचं काय झालं रे?" पोरगं म्हणालं, "काय होतंय? सबमिट झालं म्हणून मेसेज आला. त्याच्यानंतर काहीच नाही." मग माझ्याकडं वळून म्हणालं, "काका, तुम्ही पेपरवाले. हे कुणाला विचारायचं असतं?"

मला सांगता आलं नाही. वीस-बावीस वर्षं बातम्या लिहितोय, पण या साध्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. घरी येऊन जुनी पेटी उघडली. त्यात माझं एम्प्लॉयमेंटचं कार्ड सापडलं आणि एक पिवळा पडलेला लिफाफा. त्या लिफाफ्याबद्दल नंतर सांगतो. आधी आपल्या भागात नोकरी मागण्याची रीत कशी कशी बदलत गेली ते बघू. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

'उमेदवार' हा शब्द आपण रोज वापरतो. शब्द फारसीतून आलाय. उमेद म्हणजे आशा, उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला. पूर्वी कचेरीत उमेदवार म्हणजे बिनपगारी काम करणारा पोरगा. कागद लावायचे, नकला करायच्या, साहेबाच्या नजरेत राहायचं आणि जागा निघेल म्हणून वाट बघायची. म्हणूनच मराठीत 'उमेदवारी केली' म्हणजे उमेदीची वर्षं फुकट राबून काम शिकलो, असा अर्थ होतो. तेव्हा नोकरीचा कारभार सगळा ओळखीचा. साहेब तुम्हाला ओळखत होता, तुमच्या बापाला ओळखत होता आणि तुमची जातही ओळखत होता. ज्याला दारात उभं करत नव्हते, त्याला उमेदवारीही नव्हती. हे विसरून जुन्या काळाचे गोडवे गाऊ नयेत.

आपला भाग निजामाच्या राज्यात. औसा तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात होतं. लातूर जिल्हा व्हायला १९८२ उजाडलं. निजामाच्या दरबारात नोकरीसाठी दोन गोष्टी लागायच्या. एक म्हणजे उर्दू. कारभाराची भाषा उर्दू, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची शिकवण्याची भाषाही उर्दू. मराठी बोलणाऱ्या लेकराला नोकरीची पायरी चढायची तर आधी परक्या लिपीची पायरी चढावी लागायची. दुसरी गोष्ट 'मुलकी' असणं. राज्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या अधिकाऱ्यांचा भरणा झाला होता. त्यावरून स्थानिकांची ओरड होती. शेवटी १९१९ मध्ये निजामानं फर्मान काढलं की सरकारी नोकरी मुलकी माणसाला, आणि मुलकी ठरायला राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य पाहिजे. म्हणजे 'नोकरी स्थानिकालाच' ही मागणी आजची नाही. शंभर वर्षांपूर्वी तिचा कायदा झाला होता, आणि त्यातून पळवाटा निघाल्याच्या तक्रारीही तेव्हापासूनच आहेत.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. नव्या कारभारासाठी बाहेरच्या प्रांतांतून अधिकारी-कर्मचारी आले. चारच वर्षांत, १९५२ मध्ये, हैदराबाद राज्यात मुलकी आंदोलन पेटलं, गोळीबारापर्यंत गेलं. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला होता. त्या करारात एक कलम नोकऱ्यांचं होतं, की सरकारी नोकऱ्यांत प्रत्येक विभागाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल. पुढं राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमात विदर्भ आणि मराठवाड्यासाठी विकास मंडळांची तरतूद आली, त्यातही राज्याच्या सेवांत पुरेशी संधी देण्याचा उल्लेख आहे. आपण ३७१ म्हटलं की सिंचन आणि निधीचा अनुशेष बोलतो. नोकरी हाही त्याच कलमातला शब्द आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

१९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन तर विद्यार्थ्यांचंच. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये झालेलं, दुष्काळ नुकताच सरलेला, शिकलेली पोरं हाताला काम नाही म्हणून रस्त्यावर. वसमतला गोळीबार झाला. रेल्वे, उद्योग या मागण्यांबरोबर 'आमच्या पोरांना नोकऱ्या द्या' ही मागणी होतीच.

आता एम्प्लॉयमेंट ऑफिसचं बघू. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना काम देण्यासाठी १९४५ मध्ये ही कचेरी देशात सुरू झाली. रिकाम्या जागा या कचेरीला कळवल्याच पाहिजेत, असा कायदा १९५९ मध्ये झाला आणि तो लागू झाला १ मे १९६० ला. महाराष्ट्राचा जन्म त्याच दिवशीचा, एमपीएससीचाही त्याच दिवशीचा. म्हणजे नोकरी मागण्याच्या दोन्ही खिडक्या राज्याबरोबरच उघडल्या.

माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. बारावी झाली की पहिलं काम लातूरला जाऊन एम्प्लॉयमेंटला नाव घालणं. कार्ड मिळायचं, त्यावर नोंदणी क्रमांक. दर तीन वर्षांनी नूतनीकरण, ते चुकलं की ज्येष्ठता गेली. गावात एखाद्याला 'कॉल' आला की आळीत बातमी व्हायची. पोस्टमन घराच्या दारातून ओरडत यायचा. निवड होवो न होवो, कॉल आलेल्या पोराकडं बघायची नजर महिनाभर बदलायची.

शिवाय पोस्टानं अर्ज. वर्तमानपत्रात अर्जाचा नमुना छापून यायचा, तो फुलस्केप कागदावर हातानं उतरवायचा. पोस्टल ऑर्डर घ्यायची. झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का लागायचा. त्या हिरव्या शाईच्या सहीसाठी आपण पंचायत समितीत, दवाखान्यात, कॉलेजात तासन्‌तास उभे राहिलोय. आपण आपणच आहोत, हे दुसऱ्यानं लिहून द्यायचं! ती कटकट २०१५ च्या सुमारास स्वयंसाक्षांकन आल्यावर संपली. बरं झालं संपली. आणि जाहिरातीच्या तळाला एक ओळ असायची, की अर्जासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा जोडावा.

माझ्या पेटीतला लिफाफा तसलाच. पत्ता माझ्याच अक्षरात. आत चार ओळींचं टंकलिखित पत्र, की आपली निवड होऊ शकली नाही. खाली कुणाची तरी सही. कोणतं कार्यालय ते सांगत नाही, त्याला आता अर्थ नाही. ते पत्र वाचून रात्रभर झोप लागली नव्हती. पण सकाळी उठलो तेव्हा एक गोष्ट पक्की झाली होती, की ते दार बंद झालं, आता दुसरं बघायचं. पुढं पत्रकारितेचा डिप्लोमा केला तो त्यातूनच. नकारानंही माणूस रस्त्याला लागतो. उत्तरच आलं नाही तर तो तिथंच उभा राहतो.

आता कुणी म्हणेल, जुनं किती छान होतं. नव्हतं. दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखतीला गेलो होतो तेव्हा बाहेर बसलेल्या शिपायानंच विचारलं होतं, "तुमचं कुणीकडून हाय?" म्हणजे चिठ्ठी कुणाची. तोंडी परीक्षेचे मार्क कुणाच्या हातात, कॉलची यादी कुणाच्या हातात, खासगी संस्थेत मास्तर व्हायला किती 'डोनेशन', हे आपल्या भागात लहान लेकराला ठाऊक होतं. अर्ज माणूस वाचायचा हे खरं, पण तो माणूस कुणाचा तरी असायचा.

म्हणून नोकरीतून चेहरा काढून टाकायची मागणी जुनी आहे, आणि ती गरिबाच्या फायद्याची आहे. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी बादशाही परीक्षेत पेपरावरचं नाव झाकायचे. एवढंच नाही, कारकुनांकडून सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा लिहून घ्यायचे, तपासणाऱ्याला अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून. इंग्रजांनी १८५५ मध्ये आयसीएसची खुली स्पर्धा सुरू केली, त्याआधी कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीवर पोरं भरती व्हायची. आपल्याकडं १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फक्त एम्प्लॉयमेंटच्या यादीवर भरती करू नका, जाहिरातही द्या, म्हणजे ज्याचं नाव यादीत नाही त्यालाही संधी मिळेल. या प्रत्येक पावलाला कुणाच्या तरी वशिल्यावर घाव घालायचा होता.

आपल्या तालुक्यानं तर याची दुसरी बाजूही पाहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, मंगरूळ हलली. पुढं भूकंपग्रस्तांना सरकारी नोकरीत दोन टक्के समांतर आरक्षण मिळालं. ज्याचं घर गेलं, माणसं गेली, त्याला अर्जात एका रकान्यात टिक करायची सोय झाली. मग त्याच रकान्यासाठी बनावट दाखल्यांची प्रकरणंही राज्यात निघाली. माणसाचं दुःख कागदावर आलं की त्या कागदाचाही बाजार होतो, हे आपण जवळून बघितलंय. त्या पडताळणीत खऱ्या भूकंपग्रस्तालाही पुन्हा पुन्हा 'मी खरा आहे' म्हणून सिद्ध करावं लागतं.

२०१७ मध्ये महापरीक्षा पोर्टल आलं. तोपर्यंत तलाठी, लिपिक वगैरे भरती जिल्ह्याच्या निवड समितीकडून व्हायची. आता सगळी राज्याची भरती एका ठिकाणी, ऑनलाइन. कल्पना वाईट नव्हती. पण परीक्षा केंद्रांवर गोंधळ, सामूहिक कॉपीच्या तक्रारी, लांबलांबची केंद्रं, हे इतकं झालं की पोरं मोर्चे काढायला लागली. फेब्रुवारी २०२० मध्ये ते पोर्टल सरकारला बंद करावं लागलं.

पुढचं सगळ्यांना आठवत असेल, तरी एका जागी लिहून ठेवतो. मार्च २०१९ मध्ये जिल्हा परिषदांची जाहिरात आली, तेरा हजारांहून जास्त पदं. लाखो पोरांनी फी भरली. परीक्षा झालीच नाही. २०२२ मध्ये ती भरती रद्द केली. ऑगस्ट २०२३ मध्ये नवी जाहिरात आली, १९,४६० पदांची, आणि पुन्हा फी, खुल्या वर्गाला १,००० रुपये, मागासवर्गीयांना ९००. आधीची फी परत द्यायची व्यवस्था व्हायला चार वर्षं लागली. या चार वर्षांत ज्यांचं वय निघून गेलं त्यांचं काय? खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा आहे. कोरोनामुळं वयात सवलत दिली खरी, पण सवलतीनं वय मिळतं, गेलेली वर्षं मिळत नाहीत.

२०२१ हे वर्ष तर काळ्या अक्षरांत लिहावं असं. मार्चमध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढं ढकलली, पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली. त्याच वर्षी पुण्यात एका तरुणानं जीव दिला. तो परीक्षा पास झाला होता, मुलाखतीची वाट बघत होता. सप्टेंबरमध्ये आरोग्य विभागाची परीक्षा आदल्या रात्री पुढं ढकलली, तेव्हा पोरं एसटीत, रेल्वेत बसलेली होती. ऑक्टोबरमध्ये ती झाली आणि पेपर फुटला. पोलिसांनी आरोग्य विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनाच अटक केली. डिसेंबरमध्ये म्हाडाची परीक्षा ऐन परीक्षेच्या दिवशी पहाटे रद्द झाली. टीईटीच्या घोटाळ्यात परीक्षा परिषदेचे आयुक्तच पकडले गेले.

त्यानंतर परीक्षा टीसीएस आणि आयबीपीएस या मोठ्या संस्थांकडं गेल्या. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांची जाहिरात, अर्ज दहा लाखांहून जास्त. परीक्षा ५७ सत्रांत झाली. मध्ये एके दिवशी सर्व्हर बंद पडला आणि राज्यभर पोरं केंद्राबाहेर ताटकळली. निकाल लागला तर २०० पैकी २१४ गुण! सत्रं वेगवेगळी, पेपर कमी-जास्त अवघड, म्हणून गुण समान पातळीवर आणायचं सूत्र लावलं होतं. ते सूत्र चुकीचंच होतं असं मी म्हणत नाही. पण शेतात राबून अभ्यास केलेल्या पोराला ते आधी नीट समजावून सांगायला कुणी नव्हतं. मग त्याला वाटणारच की वशिला परत आला, यावेळी आकड्यांत लपून.

खासगीत वेगळं काही नाही. आपली पोरं पुण्याला, चाकणला जातात. लातूरच्या रेल्वे बोगी कारखान्यावर सगळ्या जिल्ह्याचे डोळे आहेत. २०१८ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हापासून पोरं आयटीआयची सर्टिफिकेटं घेऊन तयार आहेत. पण अर्ज ॲपवर, कामावर घेणारा ठेकेदार, आणि मोठ्या कंपन्यांत तर बायोडाटा आधी कॉम्प्युटर चाळतो. त्याला पाहिजे तो शब्द तुमच्या कागदात नसेल तर माणसाच्या नजरेपर्यंत कागद जातच नाही. सरकारनंही सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागं घेतला.

आणि आपलं ते एम्प्लॉयमेंट ऑफिस? त्याचं नाव आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. नाव लांब झालं. कॉल मात्र कुणाच्या दारात येत नाही.

हे सगळं मांडून मला एकच म्हणायचंय. वशिला काढायचा म्हणून आपण चेहरा काढला, ते बरोबर केलं. पण चेहऱ्याबरोबर जबाबदारीही निघून गेली, तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. निवड करताना उमेदवाराचं नाव झाकलं पाहिजे. आपण उलट करून बसलो. उमेदवाराचं आधार, फोटो, अंगठा सगळं मागतो आणि निवड करणाऱ्याचं नाव झाकतो.

जरा कायदा बघा. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज केला तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर अपील. २०१५ पासून राज्यात लोकसेवा हक्क कायदा आहे. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलेलं आहे, उशीर झाला तर दाद मागता येते. म्हणजे नोकरीच्या अर्जाला जोडायचा कागद मिळण्याची मुदत आहे. पण हजार रुपये भरून केलेल्या त्या अर्जाचं काय झालं, हे सांगायला मुदत नाही. पेपरफुटीविरुद्ध २०२४ मध्ये राज्यानं कायदा केला, चांगलं केलं. गट-क ची पदं टप्प्याटप्प्यानं एमपीएससीकडं द्यायचं जाहीर केलंय, तेही चांगलं. पण उत्तर देण्याचा कायदा अजून कुणाच्या जाहीरनाम्यात दिसत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. जाहिरातीतच परीक्षेची आणि निकालाची तारीख लिहा. भरती रद्द झाली तर ठराविक दिवसांत फी आपोआप परत करा, त्यासाठी पुन्हा फॉर्म भरायला लावू नका. अर्ज बाद झाला तर कारण कळवा, एका ओळीत का होईना. आणि प्रत्येक भरतीसाठी जिल्ह्यात एक अधिकारी नावानिशी नेमा, ज्याच्या टेबलासमोर जाऊन पोराला विचारता येईल. नोकरी द्याच असं त्यात कुठंच नाही. उत्तर द्या, एवढंच आहे. आपले आमदार, खासदार, पुढारी कोणत्याही पक्षाचे असोत, पुढच्या वेळी दारात आले की हे विचारा.

काल त्या दुकानात पुन्हा गेलो होतो. पोरगं भेटलं नाही. भेटलं असतं तर सांगितलं असतं, बाबा, तुझा प्रश्न बरोबर आहे, तो विचारत राहा. आमच्या वेळी अर्जासोबत लिफाफा आम्ही जोडायचो, तिकीटही आमचंच. कधी कधी तो परत यायचा. तू हजार रुपये जोडतोस, त्यात एका उत्तराचे पैसे नक्की येतात.

तुमच्याकडं जुनं कॉल लेटर, एम्प्लॉयमेंटचं कार्ड किंवा नकाराचं पत्र असेल तर नाव-पत्ता झाकून फोटो कमेंटमध्ये टाका. आणि ज्यांनी २०१९ ला जिल्हा परिषदेची फी भरली होती, त्यांनी ती परत मिळाली का तेवढं लिहा. मोजदाद आपणच करू.